‘इतो’ म्हणजे नेमके कोण? जपानी आडनाव मराठीत बिनचूक आणण्याची रीत

पुण्यात जपानी-मराठी अनुवादाची कामे करताना माझ्याकडे तपासायला येणाऱ्या मजकुरात ठरावीक चुका पुन्हा पुन्हा दिसतात. कोणी ‘आयटो’ लिहितो, कोणी ‘इटोह’. कोणी पाहुण्याला पहिल्याच पत्रात ‘श्री. हिरोशी’ म्हणतो, म्हणजे आडनाव समजून नावानेच हाक मारतो. एका लेखात तर एकाच माणसाचे आडनाव तीन परिच्छेदांत तीन तऱ्हांनी आलेले मी पाहिले आहे. लिहिणारे हुशार असतात, मेहनतीही असतात. पण ते हातात आलेल्या रोमन स्पेलिंगपासून सुरुवात करतात, आणि तिथेच गाडी रुळावरून घसरते.

क्रम उलटा हवा. आधी जपानी लिपीतली अक्षरे, मग त्यांचा उच्चार, मग माणूस कोण ते, मग देवनागरी. रोमन अगदी शेवटी, तेही कागदपत्रांपुरते. खाली सगळीकडे ‘इतो’ हे एकच आडनाव उदाहरणाला घेतले आहे. जपानमधल्या पहिल्या दहा आडनावांत ते मोडते, आइची, मिए आणि गिफू या भागांत तर जागोजागी भेटते, आणि चुका करायला त्यात भरपूर वाव आहे.

## तयारी: लिहायला बसण्याआधी काय जमवायचे

एका कागदावर किंवा एक्सेलमध्ये पाच रकाने आखा.

१. नाव जपानी लिपीत, जसेच्या तसे. ते हाताने उतरवू नका, कॉपी करा किंवा फोटो घ्या.
२. त्याचा काना उच्चार. काना म्हणजे जपानीतली उच्चारदर्शक अक्षरे. कांजी (चित्राक्षरे, आजारपणात पितो ती नव्हे) वाचायची कशी, हे दाखवायला बाजूला बारीक काना लिहितात, त्याला फुरिगाना म्हणतात.
३. रोमन स्पेलिंग, पासपोर्टवर किंवा कार्डावर आहे तसेच.
४. ओळखीची एक खूण: व्यवसाय, संस्था, गाव किंवा जन्मवर्ष.
५. मराठीत वापरायचे अंतिम रूप. हा रकाना आत्ता रिकामा ठेवा.

दुसरा रकाना भरायला बहुतेकांना संकोच वाटतो. ‘नाव कसे वाचायचे’ असे विचारणे उद्धटपणाचे ठरेल, असे त्यांना वाटते. तसे काही नाही. जपानी लोक एकमेकांना हेच विचारतात, आणि तिथल्या जवळजवळ प्रत्येक अर्जावर फुरिगानासाठी वेगळी चौकट असते. एकच कांजी तीन-चार प्रकारे वाचता येते, त्यामुळे अंदाज चालत नाही. कुटुंबनोंदीच्या सरकारी दप्तरात, म्हणजे कोसेकीत, नावाचा उच्चारही नोंदवायची कायदेशीर व्यवस्था २६ मे २०२५ पासून सुरू झाली. त्यावरून अडचण किती खरी आहे ते ध्यानात यावे.

इशारा: व्हिजिटिंग कार्डाची फक्त रोमन बाजू मोबाइलवर टिपून कार्ड खणात टाकू नका. कामाची बाजू दुसरी आहे.

## टप्पा १: आडनाव कुठले आणि नाव कुठले

जपानीत आडनाव आधी आणि नाव नंतर. इतो हिरोबुमी यात इतो हे आडनाव. रोमन लिपीत मात्र अनेक वर्षे पाश्चात्त्य पद्धतीने नाव आधी छापायची सवय होती. १ जानेवारी २०२० पासून जपान सरकारने आपल्या कागदपत्रांत रोमनमध्येही आडनाव आधी लिहायचे ठरवले, पण खासगी कंपन्या, विद्यापीठे आणि परदेशी वृत्तसंस्था आपापल्या सवयीने चालतात. म्हणून रोमन क्रमावर भिस्त ठेवू नका.

कसे ठरवायचे? कार्डाच्या जपानी बाजूला जे आधी, ते आडनाव. बहुतेक आडनावे दोन कांजींची असतात, इतोही तसेच. पण ‘मोरी’ किंवा ‘हायाशी’ एका कांजीत मावते आणि ‘हासेगावा’ला तीन लागतात, तेव्हा नुसती अक्षरे मोजून निकाल लावू नका. रोमन बाजूला एक शब्द पूर्ण मोठ्या लिपीत छापला असेल तर तो सहसा आडनाव असतो.

मराठीत कोणता क्रम ठेवायचा? मी जपानीच ठेवतो. तुमच्या दैनिकाची किंवा प्रकाशनाची रीत वेगळी असेल तर ती पाळा, पण एका लेखात एकच. वरच्या परिच्छेदात ‘इतो हिरोबुमी’ आणि खाली ‘तोयो इतो’ असे झाले की वाचक ‘तोयो’ला आडनाव समजून मोकळा होतो.

एक अपवाद पक्का लक्षात ठेवा. आधुनिक काळाआधीच्या चित्रकारांचा दुसऱ्यांदा उल्लेख आडनावाने करत नाहीत, त्यांच्या कलानामाने करतात. क्योटोच्या निशिकी बाजारातल्या भाजी-घाऊक व्यापाऱ्याच्या घरात जन्मलेला, कोंबड्यांच्या चित्रांसाठी ओळखला जाणारा इतो जाकुचू (१७१६–१८००) हा पुढच्या वाक्यात ‘जाकुचू’च होतो. ‘इतोच्या कोंबड्या’ असे लिहिले तर जाणकाराला हसू येईल.

तपासा: रकाना १ मध्ये आडनाव आणि नाव यांच्यामध्ये एक उभी रेघ मारा. रेघ कुठे मारायची हे ठामपणे सांगता येत नसेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा २: दुसरे अक्षर बघा

हा टप्पा सगळ्यांत जास्त वगळला जातो, आणि सगळ्यांत महाग पडतो.

‘इतो’ हे ऐकायला एक असले तरी लिहायला मुख्यतः दोन आडनावे आहेत. पहिली कांजी दोन्हींत सारखीच. फरक दुसऱ्या कांजीत. एका इतोमध्ये ती ‘फुजी’ची असते. फुजी म्हणजे विस्टेरिया, जांभळ्या फुलांचे लांब घोस लोंबणारी वेल (फुजी पर्वताची अक्षरे वेगळी). दुसऱ्या इतोमध्ये ती ‘हिगाशी’ची, म्हणजे पूर्व दिशेची असते. दोन्ही आडनावांत तिचा उच्चार ‘तो’ असाच होतो. वेलीच्या इतोंची संख्या दहा लाखांच्या घरात आहे, पूर्वेचे इतो त्या मानाने खूप कमी. इझू द्वीपकल्पावरचे इतो हे शहर पूर्वेच्या अक्षराचे.

जपानी येत नसले तरी डोळ्यांनी ओळखता येते. वेलीचे अक्षर गच्च भरलेले असते, त्याला १८ फटकारे लागतात आणि डोक्यावर गवताची आडवी पट्टी असते. पूर्वेचे अक्षर ८ फटकाऱ्यांचे, मोकळे, डावी-उजवी बाजू सारखी असलेले. मधोमध खोक्यात आडवी रेघ आणि त्याला आरपार छेदणारा उभा दांडा. टोकियोच्या नावातले पहिले अक्षर हेच.

फोनवर विचारायचे तर ‘फुजी की हिगाशी?’ एवढे पुरते.

हे मी शिकलो ते फजितीतून. एका कारखान्यात पाहुण्यांसाठी टेबलावरच्या नावाच्या पाट्या करायच्या होत्या. यादीत दोन इतो होते. मी संगणकावर रोमनमध्ये टाइप केले, पहिला पर्याय आला तो घेतला, आणि दुसऱ्या पाटीसाठी तोच चिकटवला. सकाळी दुसरे इतो खुर्चीवर बसले, पाटीकडे बघितले, काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने खिशातून कार्ड काढले, माझ्यासमोर ठेवले आणि दुसऱ्या अक्षरावर बोट टेकवून हसत म्हणाले, “तोक्यो.” एवढेच. मला टेबलाखाली जावेसे वाटले. जपानी टाइप करताना उच्चार एकच असल्याने संगणक बहुधा वेलीचा इतो पुढे करतो. त्याचा दोष नाही, तो संख्येने मोठा आहे.

इशारा: मराठी मजकुरात कांजी छापायची नसली तरी हा टप्पा सोडू नका. पुढे माणूस ओळखायला हेच अक्षर उपयोगी पडते.

## टप्पा ३: काना वाचा, ओ मोजा

इतो काना लिपीत लिहितात तेव्हा अक्षरे तीन होतात: इ, तो, उ. शेवटचा उ वेगळा उच्चारायचा नाही. तो आधीचा ‘ओ’ लांबवतो, म्हणजे बोलताना ‘इतोऽ’.

इथे एक हुकमी युक्ती आहे. वेलीचे ‘तो’ अक्षर शेवटी असलेली आडनावे पुष्कळ आहेत: सातो, कातो, साइतो, नाइतो, गोतो. काहींत त्याचा ‘दो’ होतो: कोंदो, एन्दो, कुदो. या सगळ्यांत ओ लांब. याउलट यामामोतो, मात्सुमोतो, हाशिमोतो यांतला ‘मोतो’ वेगळ्या अक्षराचा, आणि त्याचा ओ आखूड. कुटुंब ओळखले की प्रत्येक नाव वेगळे पाठ करावे लागत नाही.

मराठीत ‘ओ’ला ऱ्हस्व-दीर्घ नाही, म्हणून मी लिहिताना ‘इतो’ एवढेच लिहितो. अवग्रह घालून ‘इतोऽ’ केले तर चालू मजकुरात ते हाक मारल्यासारखे दिसते. पण बोलताना ओ लांबवा, आणि दुसऱ्या रकान्यात तिन्ही काना नोंदवून ठेवा. कारण काही आडनावांत या लांबीवर सगळे अवलंबून असते. आखूड ओचे ‘ओनो’ म्हणजे लहान माळरान, लांब ओचे म्हणजे मोठे माळरान. ओनो योको या पहिल्यातल्या. तोयोता उत्पादन पद्धतीमुळे चाकणपासून औरंगाबादपर्यंतच्या कारखान्यांत ज्यांचे नाव घेतले जाते ते ओओनो ताइइची (१९१२–१९९०) दुसऱ्यातले. त्यांच्या रोमन स्पेलिंगमध्ये ओनंतर एच येतो. तो फक्त लांबी दाखवतो. प्रशिक्षणाच्या स्लाइडवर मात्र तो ‘ओह्नो’ होऊन बसला आहे.

इतोंचेही तेच. आय-टी-ओ, आय-टी-ओ-एच, आय-टी-ओ-यू, आणि ओवर टोपी घातलेला आय-टी-ओ: ही चारही रूपे एकाच ‘इतो’ची. ‘इटोह’ आणि ‘इतोऊ’ असे कोणीही नसते.

तपासा: रोमनमध्ये स्वरानंतर एच दिसला की तो उच्चारायचा की लांबीचा, हे काना अक्षरांवरून ठरवा. नुसते कानाला काय बरे वाटते त्यावर जाऊ नका.

## टप्पा ४: हा इतो कोणता?

अनुवाद करताना, बातमी लिहिताना किंवा संदर्भ शोधताना सगळ्यांत मोठा घोळ इथे होतो. एका इतोची माहिती दुसऱ्याच्या नावावर जाते. चौथ्या रकान्यातली खूण आणि दुसरी कांजी, दोन्ही जुळल्याशिवाय माणूस नक्की झाला असे समजू नका.

राजकारणापासून बघू. इतो हिरोबुमी (१८४१–१९०९) हे जपानचे पहिले पंतप्रधान. १८८५ मध्ये त्यांनी पद घेतले, एकूण चारदा भूषवले, आणि २६ ऑक्टोबर १९०९ रोजी हार्बिन स्थानकावर कोरियन देशभक्त आन जुंग-गन यांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. ते वेलीचे. १९८० च्या जून-जुलैत, पंतप्रधान ओओहिरा यांच्या निधनानंतर काही आठवडे काळजीवाहू कारभार पाहिला ते इतो मासायोशी पूर्वेचे. ‘पंतप्रधान इतो’ असा नुसता उल्लेख सापडला तर वर्ष बघितल्याशिवाय नाव पूर्ण करू नका.

वास्तुरचनेत सोय अशी, की दोन्ही गाजलेले इतो पूर्वेचेच आहेत, आणि अडचणही तीच. तिथे अक्षर निकाल लावत नाही, काळ लावतो. इतो चूता (१८६७–१९५४) यांनी टोकियोतले त्सुकिजी होंगानजी हे मंदिर बांधले, ते १९३४ मध्ये पूर्ण झाले. त्यांनी भारतातली जुनी बौद्ध शिल्पे स्वतः हिंडून पाहिली होती, आणि या मंदिराची दर्शनी कमान बघताना कार्ल्याच्या चैत्याची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. दुसरे इतो तोयो, जन्म १९४१, सेंदाइ शहरातल्या मेदियातेक या ग्रंथालय-कलाकेंद्राचे वास्तुकार, २०१३ च्या प्रित्झकर पारितोषिकाचे मानकरी. यांच्या नावात आणखी एक खोच आहे. कानात नाव ‘तो-यो-ओ’ असे आहे, रोमनमध्ये ते शेवटचा ओ गाळतात. मराठीत ‘तोयो’ लिहिले तरी चालेल, पण जपानी शोधात पूर्ण रूप लागते.

गणितवाले ‘इतोचे सूत्र’ म्हणतात ते इतो कियोशी (१९१५–२००८) यांचे. जन्म मिए प्रांतात, अक्षर वेलीचे, आणि २००६ मध्ये पहिल्यांदा दिल्या गेलेल्या गाउस पारितोषिकाचे तेच मानकरी. स्वतःचे नाव रोमनमध्ये लिहिताना ते ‘शी’साठी एस-आय वापरत, एच न घालता. म्हणून मराठी पाठ्यपुस्तकी लेखांत ‘कियोसी’ दिसते. जपानची एक रोमन पद्धत ‘शी’ला एस-आय, ‘ची’ला टी-आय आणि ‘त्सु’ला टी-यू लिहिते. अक्षरे बघून वाचलेत तर फसलात.

खेळांत इतो मिदोरी, नागोयाच्या, १९९२ च्या आल्बेरव्हिल हिवाळी ऑलिम्पिकमध्ये फिगर स्केटिंगचे रौप्यपदक मिळवणाऱ्या. आणि टेबलटेनिसच्या इतो मिमा, टोकियो ऑलिम्पिकमध्ये २०२१ साली मिझुतानी जुन यांच्या जोडीने मिश्र दुहेरीचे सुवर्ण जिंकणाऱ्या. दोघी वेलीच्या. मिदोरींचे नाव मुळातच कानात लिहिलेले आहे, त्यामुळे तिथे उच्चाराचा प्रश्नच येत नाही. असा इतो भेटला की देवाचे आभार माना.

आता आडनाव बदलते ते. जपानच्या नागरी कायद्यानुसार लग्नानंतर पती-पत्नीला एकच आडनाव घ्यावे लागते, आणि बहुतेक वेळा पत्नीच बदलते. एखाद्या संशोधिकेचे जुने निबंध इतो नावाने आणि पासपोर्ट दुसऱ्या नावाने असू शकतो. पुरुषांचेही बदलते, दत्तकविधानामुळे. खुद्द इतो हिरोबुमी जन्माने हायाशी. वडील इतो घराण्यात दत्तक गेले म्हणून मुलगा इतो झाला. म्हणजे दोन भावांची आडनावे वेगळी दिसली तर चूक असेलच असे नाही, आणि दोन इतो दिसले तर ते नातेवाईक असतीलच असेही नाही. ‘इतो घराण्यातले’ हा शब्दप्रयोग तर पुराव्याशिवाय करूच नका. आपल्याकडे सगळे कुलकर्णी एकाच घरचे नसतात, तसेच.

इशारा: शोध घेताना जपानी लिपीत पूर्ण नाव टाका. रोमनमध्ये फक्त आडनाव आणि नावाचे आद्याक्षर टाकून मिळालेली यादी फेकून द्या.

## टप्पा ५: आता देवनागरी

इथपर्यंत नीट आलात तर हा टप्पा सोपा आहे, कारण काना आणि देवनागरी दोन्ही अक्षरांनी चालतात. रोमन मध्ये आणले नाही की निम्म्या चुका आपोआप जातात.

त आणि द, कधीही ट-ड नाही. जपानी त दंत्य आहे. ‘इटो’, ‘काटो’, ‘कोंडो’ हे इंग्रजी डोळ्यांनी वाचलेले जपानी. इतो, कातो, कोंदो लिहा.

ॲ आणि ऑ जपानीत नाहीत. ‘वॅटनबे’ नाही, वातानाबे. ‘अँडो’ नाही, आन्दो. रोमन ए दिसला की आ, इतके सरळ. अ लिहिलात तर मराठी वाचक तो गाळतो आणि ‘तनका’चा ‘तन्का’ होतो.

ल नाही. सगळीकडे र.

त्सु, ची, झु. मात्सुमोतोमधला ‘त्सु’ आपल्याला मुळीच परका नाही. ‘चूल’ म्हणताना च निघतो तोच तो. पण ‘माचुमोतो’ लिहिले तर निम्मे लोक ‘चुंबक’मधला च वाचतील, म्हणून त्सु लिहा. ‘ची’ मात्र ‘चिमणी’तलीच. सुझुकीतला झु बोलताना ‘जुना’तल्या जसारखा ठेवा, लिहिताना मराठीत झु रूढ आहे.

तुटक न. नावाच्या मध्ये न् आणि पुढे स्वर आला की त्यांना जोडू नका. ‘केनइची’ बरोबर, ‘केनिची’ चूक. ही चूक छापून आल्यावर कोणाच्याच लक्षात येत नाही, फक्त केनइचींच्या येते.

ऱ्हस्व-दीर्घ. शब्दाच्या शेवटी इ-उ आले की मराठीच्या नियमाप्रमाणे दीर्घ: सुझुकी, हिरोबुमी, कियोशी. सुरुवातीला आणि मध्ये कानात आखूड असेल तर ऱ्हस्व. म्हणून ‘ईतो’ नाही, ‘इतो’.

रूढ झालेल्या नावांचे काय? टोकियो, क्योटो, टोयोटा, होंडा ही मराठीत मुरली आहेत. त्यांच्याशी कुस्ती करू नका. मी वर उत्पादन पद्धतीला ‘तोयोता’ म्हटले, ते हट्टाने. गाडीविषयी लिहिताना मीही टोयोटाच लिहितो. कंपनीला रूढ रूप आणि माणसाला मूळ उच्चार, अशी वाटणी केली की काम चालते. संस्थापक घराण्याचे आडनाव तर ‘तोयोदा’ आहे, द-वाले. ते दुरुस्त करून ‘टोयोटा’ करण्याचा मोह संपादकाला हमखास होतो. करू देऊ नका.

तपासा: पाचवा रकाना भरा आणि जपानी न येणाऱ्या कोणाला तरी मोठ्याने वाचायला लावा. वाचताना तो अडखळला तर लिखाण बदला.

## टप्पा ६: प्रत्यय लावताना

गोखले–गोखल्यांनी, साने–सान्यांनी या सवयीने ‘वातानाब्यांनी’ लिहिलेले मी छापील मजकुरात पाहिले आहे. परक्या आडनावाचे सामान्यरूप करू नका. नुसता अनुस्वार आणि प्रत्यय द्या: इतोंनी, वातानाबेंना, तानाकांचे, सुझुकींशी. ‘सुझुक्यांशी’ नाही. शंका असेल तर ‘इतो यांनी’ हा राजमार्ग आहे. फक्त एका लेखात ‘इतोंनी’ आणि ‘इतो यांनी’ यांची खिचडी नको. क्रियापद आदरार्थी अनेकवचनी: इतो म्हणाले, इतो आले. पाहुणा वयाने लहान असला तरी.

## टप्पा ७: हाक मारताना

‘सान’ आडनावाला जोडा: इतोसान. तो बाईंनाही लागतो आणि पुरुषांनाही, म्हणून पत्रव्यवहारातल्या ‘इतोसान’वरून तुम्ही ‘सर’ ठरवू नका. सान हा आदरच आहे, त्यावर आणखी साज नको. ‘श्री. इतोसान’, ‘इतोसान साहेब’, ‘इतोसानजी’ हे सगळे पाटलांना ‘पाटीलसाहेबराव’ म्हणण्यासारखे. हुद्दा लावला की सान गळतो: विभागप्रमुख असतील तर ‘इतोबुचो’, ‘इतोबुचोसान’ नाही. एका खोलीत दोन इतो असतील तर हुद्द्याने, विभागाने किंवा नाव जोडून फरक करतात. त्यांच्या कचेरीत काय चालते ते आधी विचारून घ्या.

दोन गोष्टी हमखास उलट्या होतात. स्वतःच्या नावाला सान लावत नाहीत; ‘मी कुलकर्णीसान’ म्हणून ओळख करून देणारे अजून भेटतात. आणि बाहेरच्या जपानी पाहुण्यांशी जपानीत बोलताना आपल्याच कंपनीच्या साहेबांना सान लावत नाहीत. हे मराठी मनाला जड जाते, साहेब बाजूलाच उभे असले तर जास्तच. पत्ता लिहिताना नावानंतर ‘सामा’.

बातमीत, लेखात, चरित्रात सान नको. तो संवादापुरता.

## टप्पा ८: आता रोमन, तेही पासपोर्टचे

व्हिसा, विमानाचे तिकीट, हॉटेलात परदेशी पाहुण्यासाठी भरायचा फॉर्म: इथे उच्चार, लांबी, तुमचे भाषाप्रेम सगळे बाजूला ठेवा. पासपोर्टवर जे आहे ते अक्षरशः तसेच. जपानी पासपोर्टवर ओची लांबी सहसा दाखवत नाहीत, पण अर्ज करून ओ-एच घेता येतो. त्यामुळे कार्डावर एच असलेल्या इतोंच्या पासपोर्टवर तो नसेलही, किंवा उलटे. कार्डावरून तिकीट काढू नका.

आपल्याकडच्या अर्जांत नाव, वडिलांचे नाव, आडनाव असे तीन रकाने असतात. जपानी नावात मधला भाग नसतो. तो रकाना रिकामा ठेवा. ‘कियोशी’चे ‘कियो’ आणि ‘शी’ असे दोन तुकडे करून तीन रकाने भरलेला अर्ज माझ्याकडे आला होता, आणि भरणाऱ्याने मोठ्या काळजीने भरला होता.

राहिली स्वागतकक्षावरची यादी. रोमन वर्णक्रम लावलात तर एचवाले इतो आणि यूवाले इतो यांच्या मध्ये ‘इतोइ’ नावाचे भलतेच आडनाव येऊन बसते. काना रकान्यावर क्रम लावा. तो अ-इ-उ-ए-ओ, मग क, स, त, न, ह, म, य, र, व असा चालतो. मराठी माणसाला पाठ करावा लागत नाही. सगळे इतो एका जागी येतील, वेलीचे आणि पूर्वेचे शेजारी शेजारी. बिल्ला देताना दुसरे अक्षर बघा.